कोरी पाटी पुजत नाहीत

येवल्याहून आलेल्या मेकॅनिकनं चिमटा कॉम्प्युटरच्या फ्लॉपीच्या फटीत घातला, जीभ दातांत धरून जरासा फिरवला आणि एक वाळकं पान हळूच बाहेर ओढलं.

आम्ही पोरं खिडकीच्या गजांना वटवाघळांसारखी लटकलो होतो. त्यानं पान उजेडात धरलं. दोन पाळ्यांचं, मधोमध दुमडलेलं. कुणी सांगायची गरज नव्हती. आपट्याचं पान होतं, दसऱ्याचं सोनं.

"कॉम्प्युटर ठणठणीत आहे, सर," मेकॅनिक म्हणाला, "त्याच्या तोंडात सोनं अडकलंय फक्त. पूजा करा, पण जरा बाहेरून करा."

आम्ही फिदीफिदी हसलो. खैरनार सर हसले नाहीत. ते आमचे हेडमास्तर. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि आवाज असा की बोलले तर वर्ग गप्प आणि गप्प राहिले तर वर्ग आणखी गप्प. त्यांनी ते पान मेकॅनिकच्या हातून घेतलं, खिशात ठेवलं आणि खिडकीकडं बघितलं.

"कोणी घातलं होतं हे?"

सगळे एकमेकांकडं बघू लागले. कोणी कबूल केलं नाही. तेव्हा सर एवढंच म्हणाले की आता या खोलीत कुणी पाय ठेवायचा नाही, आणि त्या दिवसापासून दाराला कुलूप लागलं. गावातल्या शिंप्याकडून त्यांनी कॉम्प्युटरला लाल मखमलीची खोळ शिवून घेतली. तिच्या काठाला आमच्याच मागावरची, पैठणीची उरलेली जर लावली होती. दर गुरुवारी सर चप्पल बाहेर काढून आत जात, खोळीवरची धूळ झटकत, उदबत्ती लावत आणि पुन्हा कुलूप घालत. पोरं त्या खोलीला देवघर म्हणू लागली. देव होता, दर्शन नव्हतं.

मला त्या कुलपाचा राग येई. तो का, हे सांगायचं तर माझ्या हातांचं सांगायला हवं.

जन्मापासून माझी बोटं ताठ आहेत. मिटत नाहीत. तळवा उघडा तो उघडाच. त्यामुळं खडू धरता येत नाही, पेन धरता येत नाही, सुईदोरा तर लांबच राहिला. मनगटांत पेन्सिल दाबून मी लिहायला बघे, पण अक्षरं पावसात भिजलेल्या कोंबड्यांसारखी पाटीभर पळत. पाढे पाठ, कविता पाठ, प्रश्न विचारला की उत्तर ओठांवर. पण कागदावर काही उतरत नसे.

आमचं गाव पैठणी विणणाऱ्यांचं. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, दोघंही मागावर बसत. घराघरांतून धोट्याचा आवाज येई. माझ्या वयाच्या पोरी शाळेतून आल्या की पदराच्या बुट्ट्या भरायला बसत. मी आईच्या शेजारी नुसती बसे. रंगीत रेशीम गुंडाळलेल्या बारीक तिल्ल्या ताण्याच्या उभ्या तारांमधून काढायला चिमटीत धरणारी बोटं लागतात.

नुसती बसे म्हणजे ऐकत बसे. आईला आकडे गाण्यात मोजायची सवय होती. किती तारा सोडायच्या, किती भरायच्या, ते ती गुणगुणे, आणि पलीकडून दादांचा हात तिच्या आवाजावर चाले.

*तीन गं सोड, दोन भर,*
*मोर उतरे पदरावर,*
*दोन गं सोड, चार भर,*
*चोचीत त्याच्या मोतीसर.*

ओळ संपली की ती म्हणे, "धोटा." तसा दादा धोटा फेकत, आडवा धागा या काठापासून त्या काठाला जाई आणि पुढची ओळ सुरू होई. मोर असा ओळीओळीनं खालून वर येई, आधी पाय, मग पोट, मग मान. मला विणता येत नव्हतं, पण कुठला मोर कुठल्या ओळीला मान वळवतो ते पाठ होतं.

तर कॉम्प्युटर आला त्या दिवशी, म्हणजे पानाचं प्रकरण व्हायच्या आधी, बसवायला आलेल्या माणसानं आम्हांला रांगेनं उभं केलं आणि प्रत्येकाला आपल्या नावाचं एकेक इंग्रजी अक्षर दाबायला सांगितलं. माझ्या पुढं नसीम होती. सलीमचाचांची नसीम, माझी जिवाची मैत्रीण. तिचं अक्षर सगळ्या शाळेत वळणदार. तिनं एन दाबला. मग मी, हेमलता, एका बोटानं एच दाबला.

पडद्यावर एन उमटला होता, त्याच्या शेजारी एच उमटला. सरळ, उभा, ताठ. नसीमच्या अक्षराइतकाच ताठ. मी कितीतरी वेळ बघत राहिले.

"काय बघू राह्यली गं? सरक ना पुढं," मागून कुणीतरी ढकललं.

माझं अक्षर पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या अक्षराच्या शेजारी उभं राहिलं होतं, आणि त्यातलं न मिटणाऱ्या बोटांनी लिहिलेलं कुठलं हे ओळखू येत नव्हतं. मला ते बघायचं होतं.

त्यानंतर दसरा आला, पान अडकलं, कुलूप लागलं.

पुढच्या वर्षी मी सहावीत गेले. खालच्या वर्गांत सरांनी मला तोंडी परीक्षेवर पुढं ढकललं होतं. त्यांनी माझ्यासाठी पुष्कळ केलं, हे मी आजही म्हणते. पण श्रावण सरता सरता त्यांनी दादांना शाळेत बोलावून घेतलं. दादा घरी आले ते पाय न धुता ओट्यावर बसून राहिले. मग जेवताना हळूहळू सांगितलं. सहावीला लेखी पेपर असतात. सहामाही दिवाळीच्या आधी. सर म्हणाले, कोऱ्या पेपरला मी मार्क कुठून देऊ? पोरगी हुशार आहे, पण पुढं तिचेच हाल होतील. त्यापेक्षा दिवाळीनंतर घरीच राहू द्या.

आईनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली. करपल्याचा वास आला तेव्हा उलथली.

"मागावर बसता येत नाही," ती म्हणाली, "शाळेत बसायचं नाही. मग हिनं बसायचं कुठं?"

सरांपुढं आपण काय बोलायचं, असं दादांचं म्हणणं होतं.

आमच्या शाळेत दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजन असे. मोठ्या वर्गांतली पोरंसुद्धा त्या दिवशी घरातली जुनी दगडी पाटी शोधून, धुऊन आणत. पाटीवर सरस्वती काढायची ती एकच्या आकड्यांची. एकाशेजारी एक, एकाखाली एक असे एक मांडत न्यायचे, की वर कळस, मधे पसरलेला पदर आणि खाली पावलं अशी देवी उभी राहते. मग हळद, कुंकू, झेंडूचं फूल. माझ्या पाटीवरची सरस्वती दरवर्षी नसीम काढून देई.

"तुझी देवी मी काढायची," ती म्हणे, "आणि ती पावते तुला. हिशेब लावला पाहिजे एकदा."

त्या वर्षी खंडेनवमीला सकाळी आमच्या घरी मागाची पूजा होती. दादांनी माग पुसून लखलखीत केला होता. त्या दिवशी माग चालवायचा नसतो. पण पूजेच्या आधी आईनं बसून थोडंसं विणलंच. मी विचारलं, आज विणायचं नसतं ना? ती म्हणाली, "रिकामा माग पुजायचा नसतो गं. दोन बोटं तरी विणलेलं लागतं त्याच्यावर. देवाला काम दाखवायचं असतं, लाकूड नाही."

मग तिनं चांगलं लुगडं नेसून डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, मी पण येते शाळेत. सरांना विचारायचंय. दादा म्हणाले, काय विचारणार? ती म्हणाली, तेच.

शाळेत पोरं व्हरांड्यात पाट्या घेऊन बसली होती. नसीमनं आपली सरस्वती काढून माझ्या पाटीला हात घातला. मी पाटी ओढून घेतली.

"यंदा नको."

"का गं? माझा खडू बाटला का?"

"तसं नाही. हे शेवटचं वर्ष आहे. दुसऱ्याच्या हातची नको."

नसीमनं माझी पाटी आपल्या ओढणीनं पुसली, स्वच्छ काळी केली आणि माझ्या मनगटांत दिली.

सरांनी देवघर उघडलं. खोळ काढून घडी करून ठेवली होती. मधोमध टेबलावर कॉम्प्युटर, त्याला झेंडूची माळ. त्याच्या पुढं जमिनीवर सगळ्यांच्या पाट्या ओळीनं मांडायच्या होत्या. आम्ही चपला काढून एकेक आत गेलो. आया दाराशी उभ्या राहिल्या, त्यांत माझी आईही होती. सर हळदीकुंकवाची वाटी घेऊन ओळीनं निघाले. प्रत्येक पाटीला बोट टेकवत ते माझ्या पाटीशी आले आणि थांबले.

"ही कुणाची?"

"माझी, सर."

"हेमलता, अगं, हिच्यावर काहीच नाही. कोरी पाटी पुजत नाहीत."

ते रागावले नव्हते. समजावत होते. आणि मी काही ठरवून आले नव्हते. नुसता हट्ट घेऊन आले होते. पण सरांचं ते वाक्य ऐकलं आणि सकाळचं आईचं आठवलं, आणि माझी नजर त्यांच्या मागं गेली. झेंडूच्या माळेत तो काळा पडदा होता.

"सर," मी म्हणाले, "मग ती पण कोरीच आहे."

सरांनी वळून बघितलं. मागच्या वर्षी त्याची पूजा झाली तेव्हाही पडदा काळाच होता. कुंकवाचं बोट तसंच हवेत राहिलं.

"त्याच्यावर काढणार कोण?" सर म्हणाले.

"मी."

"तू?"

नसीम बोलली. "सर, तिला धरता येत नाही. इथं धरायचं नाहीच. नुसतं दाबायचंय."

सरांनी घड्याळाकडं बघितलं. अकराला लाईट जाई, लोडशेडिंगचे दिवस होते. त्यांनी वाटी खाली ठेवली. मग आयुष्यात पहिल्यांदा विहिरीत उतरणाऱ्या माणसासारखे ते टेबलाकडं गेले. तालुक्याला त्यांचं प्रशिक्षण झालं होतं, पण त्यालाही वर्ष होऊन गेलं होतं. बटण दाबलं. कॉम्प्युटर गुरगुरला. सरांनी डोळे मिटले. आवाज सरळ चालू राहिला तेव्हा उघडले. बऱ्याच खटपटीनं त्यांनी एक पांढरं पान पडद्यावर आणलं, आणि खुर्ची मागं ओढली.

"बस."

मी बसले. अक्षरांच्या वरच्या रांगेत डावीकडं पहिलाच एक होता. मी एका बोटानं तो दाबला. पडद्याच्या अगदी कोपऱ्यात एक उभा राहिला.

"हा तर इंग्रजी एक," सर पुटपुटले.

"एकाला वळण नसलं म्हणून काय झालं, सर," दारातून आई म्हणाली. "एकच आहे ना तो."

दुसऱ्या आया पदराआड हसल्या.

सरांनी मला दाखवलं, ही लांब पट्टी दाबली की जागा सुटते, आणि ही मोठी कळ दाबली की खालच्या ओळीवर जातं. मी पट्टी दाबत दाबत मध्यावर आले, एक दाबला. खाली गेले. पुन्हा जागा सोडली, तीन एक दाबले. पण ते तिरके गेले. पुढची ओळ आणखी सरकली. माझी सरस्वती दारू प्यायल्यासारखी एका अंगाला कलली. मागं पोरं खुसखुसली. माझे कान तापले. पाटीवर नसीम वाटेल तिथं खडू टेकवू शके. इथं प्रत्येक ओळ डावीकडून, रिकाम्यातून चालत यावी लागत होती. मला कळेना किती चालायचं.

तेव्हा आईचा आवाज आला, अगदी मागावर बसल्यासारखा.

"हेमे. बाजूनं कशाला जाऊ राह्यली? पदर आहे तो. मधली तार धर आणि मोज."

सरांनी पुसायची कळ दाखवली आणि मी सगळं पुसलं. आईनं घसा साफ केला. इतक्या लोकांत ती कधी मोठ्यानं गायलेली नव्हती. सुरुवातीला आवाज कापला, मग लागला.

*बारा गं सोड, एक भर,*
*कळस चढला माथ्यावर.*

"धोटा," ती म्हणाली. मी मोठी कळ दाबली.

*अकरा सोड, तीन भर,*
*देवी आली पाटावर.*

धोटा. दहा सोड, पाच भर. धोटा. मी पडद्याकडं बघतच नव्हते. आईचा आवाज माझ्या बोटात उतरत होता. आमच्या घरी तो दादांच्या हातात उतरे, तसाच. मागं पोरांची खुसखुस केव्हा थांबली ते समजलं नाही. कळस झाला, खांदे झाले, पदर पसरत चालला. नसीम माझ्या खुर्चीला धरून उभी होती. तिचा श्वास माझ्या मानेवर येत होता.

देवीची पावलं तेवढी राहिली होती, आणि लाईट गेली.

पडदा काळा झाला. पंखा दोन फेरे मारून थांबला. भरलेल्यातली एकही ओळ कुठं उरली नव्हती. पाटी पुसली तरी खडूचा माग राहतो. इथं तोही नव्हता.

बायांमध्ये कुजबूज झाली. पूजेच्या आधी देवी पुसली जाणं बरं नाही, असं कुणीतरी म्हणालं. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी कोपऱ्यातली मखमलीची खोळ उचलली, उलगडली.

"राहू दे, हेमलता," ते म्हणाले. "पुष्कळ झालं. यंदा देवीच्या मनात नाही."

आई उंबऱ्याच्या आत आली. चप्पल तिनं केव्हाच काढून ठेवली होती.

"सर, ताणा तुटला तर आम्ही मागाला खोळ घालत नाही. गाठ मारतो." तिला जे विचारायचं होतं ते आता ओठांवर आलं. "मी भांडायला नाही आले. तुम्ही तिचं वाईट चिंतणार नाही, ते मला माहीत आहे. ही मागावर बसू शकत नाही. शाळेत बसू नको म्हणता. मग हिनं बसायचं कुठं, तेवढं सांगा. मी ऐकून घरी जाते."

सरांच्या हातात ती लाल खोळ लोंबत होती. त्यांनी ती पुन्हा घडी करून ठेवली आणि म्हणाले, "लाईट दुपारी येते. ज्यांना घरी जायचं त्यांनी जा."

कोणी गेलं नाही. सर पायरीवर बसले. मोठ्या पोरींनी पाटावर हत्ती काढला आणि चिंचेखाली भोंडल्याचा फेर धरला. मीही होते फेरात. माझा हात धरायचा नाही, मनगट धरायचं, हे सगळ्या पोरींना ठाऊक होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पहिलीपासून आपोआप झालं होतं. फिरता फिरता मला पायरीवरचे सर दिसत. ते फेराकडं बघत नव्हते. माझ्या मनगटावरच्या नसीमच्या बोटांकडं बघत होते.

लाईट आली तेव्हा पोरं ओरडत आत पळाली. पांढरं पान उघडलं. मी खुर्चीवर बसले आणि आईकडं वळून बघितलं. आईनं पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. नाही. आता तू.

मला गाता येत नाही. माझा आवाज जाडाभरडा आहे. पण त्या दिवशी मीच म्हटलं, हळू, आपल्यापुरतं. बारा सोड, एक भर. आणि कुठंतरी मधे, पदर पसरायच्या ओळीला, ऐकलं तर मागं नसीम म्हणत होती, मग तिच्या मागची पोरं, मग दारातल्या बाया. धोटा म्हणायची वेळ आली की सगळी खोली एकदम म्हणायची, "धोटा," आणि मी कळ दाबायची.

शेवटच्या ओळीला दोन पावलं उमटली. मी हात मांडीवर घेतले.

पडद्यावर सरस्वती उभी होती. काळ्यावर पांढरी नाही, पांढऱ्यावर काळी. एकही एक वाकडा नव्हता.

"एवढी सरळ तर मी पण काढत नाही," नसीम म्हणाली. तिच्या तोंडून ते कौतुक होतं की तक्रार, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सरांनी कुंकवाचं बोट पडद्याच्या चौकटीला लावलं, वरच्या बाजूला, जपून. मग खाली वाकून माझ्या कोऱ्या पाटीलाही लावलं. आई आणि मी घरी आलो. वाटेत आई म्हणाली, "उत्तर नाही दिलं त्यांनी." मी म्हणाले, नाही. तेवढंच.

आता मी शाळाशाळांतून फिरते. ज्या पोरांचे हात, डोळे, जीभ चारचौघांसारखे चालत नाहीत, त्यांना यंत्राशी कसं बोलायचं हे दाखवणं माझं काम. काचेच्या पाट्या आल्या आहेत. पोरं बोलतात आणि अक्षरं आपोआप उमटतात. एका पोरीनं मागच्या वर्षी नुसत्या नजरेनं आपलं नाव लिहिलं आणि माझ्याकडं अशी बघत राहिली, की मला तो पहिला एच आठवला. पुढं काय काय येईल, वर्गात फळा तरी राहील का, असं शिक्षक विचारतात. मला भविष्य सांगता येत नाही. नवं यंत्र कुठं ठेवू, असं विचारलं तर मात्र माझं एक ठरलेलं उत्तर आहे. कुठंही ठेवा, पण खोळ शिवू नका.

पण त्या दसऱ्याची संध्याकाळ सांगायची राहिली.

सोनं द्यायला धाकट्यांनी थोरांकडं जायचं, अशी रीत. शाळेतली पोरं सरांच्या घरी जात. मीही निघाले होते, केसांना तेल लावून, आईनं परकराला पानं बांधून दिलेली. तेवढ्यात दारात चप्पल वाजली. सर उभे होते.

दादा गडबडून उठले. आम्हीच येत होतो, सर, तुम्ही कशाला, असं काहीबाही बोलू लागले. सर आत आले, मागाजवळ जमिनीवरच बसले. मागावरचं कुंकू त्यांनी बघितलं, ते दोन बोटं विणलेलंही बघितलं. मग मला जवळ बोलावलं.

"हात कर पुढं."

मी हात पुढं केला. त्यांनी खिशातून एक पान काढलं. ताजं नव्हतं. वाळलेलं, तपकिरी, मधोमध दुमडलेलं. मी ओळखलं.

"मागच्या वर्षी हे त्या फटीत मीच घातलं होतं," सर म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते, पण मान खाली होती. "सगळी पोरं गेल्यावर. वाटलं, एवढी मोठी विद्या आपल्या शाळेत आली, तिला सोनं तरी द्यावं. मग ते बिघडलं, मला भीती वाटली, आणि कोणी घातलं म्हणून मी तुम्हांलाच विचारलं. ती भीती मी कुलूप करून तुम्हा पोरांच्या दाराला लावली." त्यांनी ते पान चिमटीत सरळ केलं. "सोनं माणसाच्या हातावर ठेवायचं असतं. मी यंत्राच्या तोंडात घातलं."

सरांनी ते पान माझ्या तळव्यावर ठेवलं आणि मग आईकडं बघितलं.

"द्रौपदाबाई, काल तुमचा एक प्रश्न राहिला होता. ही बसेल त्या खुर्चीवर. सहामाहीचा पेपर तिथंच लिहील. मराठी तिला इंग्रजी अक्षरांत लिहावं लागेल, मी लावून वाचीन. सवय होईल मलाही." मग म्हणाले, "खोळीची घरी पिशवी शिवायला दिली आहे."

आईनं पदरानं डोळे पुसले आणि चहा ठेवायला आत गेली. आतून तिचं गुणगुणणं ऐकू येऊ लागलं. शब्द कळत नव्हते, फक्त ओळ संपायची तेव्हा ती जराशी थांबायची.

मी तशीच उभी होते. दुसऱ्या कुणी मूठ मिटून सोनं खिशात टाकलं असतं. माझी बोटं मिटत नाहीत. त्यामुळं ते पान माझ्या उघड्या हातावर तसंच राहिलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि दादांनी मागाजवळचा दिवा लावला.